गांडुळांना समुद्रशेवाळ घालायचंय?

भाऊ, समुद्रशेवाळ गांडुळांना चालतं, पण थेट टाकू नको. गांडूळ कातडीने श्वास घेतं. मीठ लागलं की आकसून मरतं. दोन-तीन पाण्यांत धू, शेणात कुजव, मग थोडंच घाल.

खरं सांगू? जळगावात बसून तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचं शेवाळ कशाला मागवतोस? बांधावर केळीचे खांब पडलेत ना! कोयत्याने बोटभर तुकडे कर, शेणकाल्यात अर्धवट कुजू दे, आतली वाफ गेली की गांडूळखताच्या वाफ्यात टाक. काही दिवसांनी एखादा तुकडा उलटून बघ, खाली लालसर गुंता वळवळताना दिसेल. मे महिन्यात वर सावली आणि ओलं गोणपाट हवंच, पारा 45 ला टेकतो आपल्याकडे. माझा पहिला वाफा उघडा राहिला होता, एका दुपारीत गेला.