पुणे–पणजी शनिवार-रविवारात: घाट उजेडात गाठायचा

पावसाळा सरत आला की वाचकांचे निम्मे प्रश्न गोव्याच्या रस्त्याचे असतात. त्यांतले काही इथे घेतले आहेत.

शनिवारी पहाटे पुण्यातून निघून रविवारी रात्री घरी परतायचं आहे. पणजी गाठायची आणि वाटेत निसर्गही पाहायचा आहे. जमेल का? (कोथरूड)

पणजी गाठाल, निसर्ग मात्र काचेतून पळताना दिसेल. चोर्ला घाटातून पुणे–पणजी अंतर साधारण ४५० किलोमीटर. नाश्ता, जेवण, पेट्रोल, टोलनाके धरले तर नऊ-दहा तास सहज जातात. सातारा ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणामुळे रस्ता जागोजागी वळवलेला असतो, तिथे अर्धा तास कसा गेला ते कळतही नाही. म्हणजे दोन दिवसांतले वीस तास गाडीत. त्यापेक्षा किलोमीटर मोजणं सोडा आणि उजेडाचे तास मोजा. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर सरळ हायवे आहे, तिथे पाहण्यासारखं थोडंच. ते शुक्रवारी संध्याकाळीच उरकून टाका. ऑफिसातून दुपारी तीनला सुटता आलं तर उत्तम. सहाला निघालात तर नवले पुलापर्यंतच तासभर मोडेल.

कोल्हापुरात मुक्काम, तांबडा-पांढरा, लवकर झोप. शनिवारी सकाळी सहाला राधानगरीचा रस्ता धरा. दाजीपूरचं जंगल, फोंडा घाट, खाली कणकवली आणि मग मुंबई–गोवा महामार्गाने दुपारच्या जेवणाला पणजी. रविवारी सकाळी आठच्या आत पणजी सोडून सावंतवाडी–आंबोलीमार्गे वर या. दुपारी आजरा-गडहिंग्लज, अंधार पडता पडता साताऱ्याच्या आसपास. दोन्ही घाट उजेडात आणि दोन्ही वेगळे. गोव्यात जेमतेम अर्धा दिवस आणि एक रात्र मिळेल हे खरं, पण तुमचा प्रश्न रस्त्याचा होता, समुद्राचा नव्हे.

एक सावधगिरी. परतताना नवीन कात्रज बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. घर जवळ आलं म्हणून तिथेच पाय सैल पडतो. गाडी न्यूट्रलवर अजिबात सोडू नका, खालच्या गिअरवर उतरवा. या उतारावर ब्रेक न लागल्याने झालेल्या अपघातांच्या बातम्या पुणेकरांना नव्याने सांगायला नकोत.

चोर्ला, आंबोली, अनमोड, फोंडा, करूळ... नेमका कोणता घाट निवडावा? प्रत्येक जण वेगळाच सांगतो. (धायरी)

प्रत्येक जण आपण शेवटचा ज्या घाटातून गेला तोच सांगतो! माझं मत सांगतो.

गाडी नवखा चालवणार असेल तर आंबोली. संकेश्वर–गडहिंग्लज–आजरा करत जाणारा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, रुंदीला बरा आहे, आणि आंबोलीत खायला-राहायला मिळतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरचं हे गाव राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतं. धबधब्यापाशी फोटो काढून सगळे पुढे पळतात. तुम्ही हिरण्यकेशीच्या उगमाकडे वळा. गुहेतून पाणी येतं, शेजारी महादेवाचं देऊळ. इथल्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, नावही नदीचंच मिळालं, आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. पाण्यात पाय घालून माशांना बिस्किटं टाकणारे तिथे दिसतील, त्यांच्यात सामील होऊ नका.

जंगल हवं असेल तर चोर्ला. बेळगाव, जांबोटी, कणकुंबी आणि खाली केरी, साखळी. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. घाट उतरताना एका वळणावर अंजुणे धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं, ते दुपारच्या आत पाहावं. मात्र जांबोटीच्या पुढे मोबाइलची रेंज जाते आणि पंक्चरवालाही सहजी मिळत नाही. स्टेपनीतली हवा बेळगावातच तपासा. हा रस्ता एका पावसात उखडतो आणि पुढच्या हंगामात गुळगुळीत होतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याचा सल्ला कामाचा नाही. बेळगावच्या पेट्रोल पंपावर चौकशी करा, खात्रीची माहिती तिथे मिळते.

माझी स्वतःची आवड फोंडा. राधानगरीला राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं धरण आहे. पाण्याची पातळी वाढली की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. पुढे दाजीपूरच्या अभयारण्यात गवे. सकाळी लवकर गेलात तर रस्त्याच्या कडेलाही दिसू शकतात. दिसले तर हॉर्न न वाजवता थांबा, काच खाली घेऊन हाका मारू नका.

गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा देखणे आहेत, पण दुरुस्तीसाठी किंवा दरड आल्यामुळे ते बंद असल्याची पाटी पाहून माघारी फिरावं लागण्याची शक्यता ठेवा. अनमोडवर मालवाहू ट्रकची रांग असते. ट्रकच्या मागच्या फळीवरची शायरी वाचत घाट उतरायचा असेल तर खुशाल जा.

आईचं वय ७४, गुडघे दुखतात. मुलगा सात वर्षांचा, त्याला घाटात हमखास उलटी होते. (औंध)

आईंना पुढच्या सीटवर बसवा, सीट मागे सरकवा आणि दर दीड तासाने त्यांना पाच मिनिटं चालायला लावा. स्वच्छ शौचालय हायवेवर शोधणं सोपं, घाटात अवघड; म्हणून घाट लागण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या गावात थांबायचंच, गरज वाटो न वाटो. आंबोलीमार्गे गेलात तर ते आजरा.

मुलाचं म्हणाल तर उलटीत घाटाइतकाच हात मोबाइलचा आणि चालवणाऱ्याचा असतो. डोळे स्क्रीनवर स्थिर, शरीर मात्र वळणांवर हलतंय, या गोंधळात मेंदू पोट ढवळून टाकतो. त्याला मागच्या सीटवर मधोमध बसवा, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, आणि पट्टा लावा. निघताना मिसळ नको. इडली किंवा पोळी-गूळ पुरे. काच थोडी उघडी ठेवा. औषध द्यायचंच असेल तर तुमच्या डॉक्टरांना वयानुसार मात्रा विचारून, प्रवासाआधी. आणि वळणात शिरण्याआधी वेग कमी करा, वळणात नव्हे. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो.

नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. कंपनी ४५० किलोमीटर सांगते. म्हणजे एका चार्जमध्ये पणजी? (हडपसर)

नाही. तो आकडा चाचणीतला. हायवेवर शंभरच्या वेगाने, एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन तो बराच खाली येतो. तीनशेच्या आत धरून चाला आणि कोल्हापूरला जेवणाच्या वेळी चार्जिंग करा. तिथला एक चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे, हे घरूनच पाहून ठेवा.

घाटाचं गणित वेगळं आहे. उतरताना मोटर वीज परत बॅटरीत भरते, पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागाच नसते आणि उतारावर मोटरमुळे गाडीला मिळणारा ब्रेकचा आधार कमी होतो. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर सकाळी शंभर टक्के चार्ज करून उतरू नका, ८० ते ९० पुरे. याउलट सावंतवाडीहून आंबोली चढताना टक्के झरझर उतरतील. घाबरू नका, पण पणजीतून भरून निघा.

भर पावसात, जुलैमध्ये जावं का? (वाकड)

रविवारी आंबोलीला नको. धबधब्यापाशी गाड्यांची रांग घाट अडवून ठेवते. कावळेसादला वाऱ्याने दरीतून वर उडणारं पाणी पाहायचं असेल तर शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस काढा, आणि कठड्याच्या अलीकडेच राहा. धुक्यात लो बीम लावा. हाय बीमचा प्रकाश धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. दरडीच्या बाजूला गाडी लावून भजी खाऊ नका. हायवेवर अडचण आली तर १०३३, एरवी ११२.

टोलचा वार्षिक पास परवडेल का? आणि येताना मित्रांसाठी दोन-चार बाटल्या आणल्या तर चालतं ना? (सिंहगड रस्ता)

पास खाजगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांचा होता. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. इथे फेरी म्हणजे एक टोलनाका. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे नाके जाता-येता मोजलेत तर वर्षात चार-पाचदा या बाजूला जाणाऱ्याला तो परवडतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मात्र चालत नाही.

बाटल्यांचं उत्तर: नाही चालत. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे आणि ते डिकी उघडायला लावतात. मित्रांसाठी काजू आणा.