गिटारच्या बाजूच्या लाकडी पट्ट्या वाकवायचं बेंडिंग आयर्न, म्हणजे आतून तापवलेला पाईप, घरी बनवता येतं का?

येतं. बेळगावात तर ते अवघड नाहीच. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत पाईपचा तुकडा कापून, धातूच्या पट्टीला वेल्ड करून देणारं वर्कशॉप सहज सापडतं.

पाईप बाहेरून ५० मिमी, जाडी ३ मिमी, लांबी २०० मिमी पुरे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप नको म्हणजे नकोच. तापला की जस्ताचा धूर निघतो, तो नाकात गेला की थंडीताप भरतो. साधं लोखंड चालतं, पण ओल्या शिसवीवर काळे डाग पाडतं; म्हणून स्टेनलेस घ्या. पाईप धातूच्या जाड पट्टीला वेल्ड करून व्हाइसमध्ये आडवा धरायचा आणि आत गॅस टॉर्चची ज्योत सोडायची. समोरचं तोंड पूर्ण बंद केलंत तर ज्योत गुदमरून विझते, तेव्हा तिथं अर्धंच झाकण.

पाईप किती तापला ते त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. चर्र होऊन लगेच उडाला तर बरोबर. गोळी होऊन नाचू लागला तर फार झालं, लाकूड करपणार.

लाकडी पट्टी २ ते २.२ मिमी जाडीची. बहुतेकजण चुकतात ते इथंच: ३ मिमीची पट्टी घेऊन जोर लावतात आणि गिटारच्या कमरेच्या वळणावर ती कडकन मोडते. जोर लावायचाच नाही. पट्टी हलकी ओली करून तापल्या पाईपवर पुढंमागं सरकवत राहा, लाकूड हाताखाली सैल पडल्याचं कळतं, तेव्हाच वाकवा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला अर्धा मिमी स्टेनलेसची पट्टी धरली की तंतू उचकटत नाहीत.

वाकवलेली पट्टी लगेच गिटारच्या आकाराच्या साच्यात आवळा. पावसाळ्यात ती बरीच परत उघडते, थोडं जास्तच वाकवून ठेवा.