‘उष्णतेचं बेट’ : तापलेलं की तापत चाललेलं?

उमरेडकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय : शहरातल्या उकाड्याला ‘उष्णतेचं बेट’ म्हणणं बरोबर आहे, की तो नुसता भाषांतराचा उपद्व्याप? शिवाय, शहरं अशी भाजत असतील तर जगाच्या तापमानवाढीचे आकडे फुगलेलेच नाहीत का?

सर, शब्द उसना आहे, पण आपल्या मातीत तो रुजतो. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. आपल्याला ‘बेट’ म्हटलं की आधी बांबूचं आठवतं. ते चहूकडे पसरत जातं, शहरासारखंच. ‘नागरी उष्माद्वीप’ हा पुस्तकी शब्द परीक्षेपुरता ठेवा.

हे बेट कळतं रात्री. डांबर-सिमेंट दिवसभराची तपन धरून ठेवतं आणि अंधार पडल्यावर सोडत बसतं. नागपूरहून रात्रीच्या एसटीनं गावाकडे निघालो, की दिघोरी नाका मागं पडल्यावर खिडकीतला वारा बदलतो. दुपारी तसं काही जाणवत नाही. मे महिन्यातलं उघडं काळं रान शहराला हार जात नाही. हवामानाच्या नोंदी ठेवणाऱ्या ल्यूक हॉवर्डला लंडनमध्ये २०० वर्षांपूर्वी हेच दिसलं होतं : रात्री शहर बाहेरच्यापेक्षा ३.७ अंश फॅरनहाइट गरम, दिवसा उलट किंचित थंड.

आता आकड्यांचं. इथं मराठी व्याकरणच कामाला येतं : ‘तापलेलं’ वेगळं, ‘तापत चाललेलं’ वेगळं. जगाच्या तापमानाच्या नोंदीत प्रत्येक हवामान केंद्राची तुलना त्याच्याच जुन्या सरासरीशी होते. ‘नासा’ त्यासाठी १९५१ ते १९८० हा काळ धरते. (या फरकाला ‘विसंगती’ म्हणतात, ते मला पटत नाही. वर्तमानपत्रातलं ‘सरासरीपेक्षा ३ अंश जास्त’ स्वच्छ आहे.) आमची आजी ‘यंदा तपन लय आहे बाप्पा’ म्हणायची, तेव्हा तीही ‘यंदा’ या एका शब्दात हाच हिशेब करायची. म्हणजे शहर कायमच गरम असेल, तर त्यानं वाढ दिसत नाही. घोळ होतो तो केंद्राभोवती शहर वाढत गेलं की. आपलं नागपूरचं सोनेगाव केंद्र बघा, विमानतळाच्या पुढं वस्ती गेली. अशी केंद्रं ‘नासा’ उपग्रहाला दिसणाऱ्या रात्रीच्या दिव्यांवरून ओळखते आणि त्यांचा दीर्घकाळचा कल आसपासच्या ग्रामीण केंद्रांशी जुळवून घेते. एवढं करूनही जमिनीवरच्या वाढीत शहरीकरणाचा न सुटलेला वाटा १० टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता कमी, असं ‘आयपीसीसी’नं, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं, २०१३ मध्ये म्हटलं.

तेव्हा नागपूरच्या रात्रींपुरता तुमचा संशय रास्त आहे, जगापुरता नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राचा. तोही तापत चाललाय, आणि तिथं सिमेंटचे रस्ते नाहीत.