वेखंड: चमच्याने खायची वस्तू नव्हे

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांतून वेखंडाबद्दल तेच ते प्रश्न येतात. सियागंज बाजारात 'घोडबच' म्हणून मागितलं की सहज मिळतं, म्हणून कसंही घेतलं जातं. त्यातले काही प्रश्न आणि माझी उत्तरं:

मी फ्रीलान्स फोटोग्राफर आणि व्हिडिओ एडिटर आहे. कॅमेऱ्याच्या बॅगेत वेखंड ठेवल्यास लेन्सला बुरशी लागणार नाही ना?

लागेल. वेखंडाने पुस्तकांतली कसर दूर राहते, हवेतला दमटपणा जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा.

लग्नसराईत रात्र रात्र एडिटिंग असतं. कुठली क्लिप कुठे ठेवली, आठवत नाही. एका रीलमध्ये सांगितल्याप्रमाणे महिनाभर रोज चमचाभर वेखंड चूर्ण मधातून घेतोय. चालू ठेवू?

आजच बंद करा! वेखंड मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मरणशक्तीला पोषक आहे, हे खरं. पण चूर्णाची नेहमीची मात्रा 60 ते 120 मिलिग्रॅम. 1 ते 2 ग्रॅम देतात ते उलटी करवण्यासाठी, आणि तुमच्या चमच्यात त्याहूनही जास्त मावतं. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं रसायन भरपूर असतं. त्याने उंदरांमध्ये गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेने 1968 साली खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. आपल्या आयुर्वेदातही पोटात देण्याआधी त्याचं शोधन, म्हणजे शुद्धीकरण, सांगितलंय. रीलवाल्याने ते केलं का, हे विचारलंत? 'नैसर्गिक आहे, अपाय शून्य' असं लिहून पुड्या खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुडीवर परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटकांची यादी नसेल तर ती टाकून द्या. आणि पहाटे तीनपर्यंत टाइमलाइन कापत बसलं की कोणाचंही डोकं चालणार नाही. आधी झोप भरून काढा. तरी विसरणं थांबलं नाही तर वैद्यांना नाडी दाखवा. झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

गरोदरपणी वेखंड घ्यावं का?

नाही.

सासूबाई तीन महिन्यांच्या बाळाला गुटीत वेखंड उगाळून देतात, न्हाऊ घातल्यावर टाळूवर पूडही चोळतात. बरोबर आहे?

सहा महिने फक्त आईचं दूध. सासूबाईंची माया खरी, पण सहाणेवर मुळी एक वेढा फिरली की चार, याचं माप कोणाकडेच नसतं. पूड तर नकोच, ती उडून बाळाच्या श्वासात जाते. मुलांच्या डॉक्टरांसमोर सासूबाईंनाही बसवा, म्हणजे घरात वाद उरणार नाही. गुटीनंतर बाळाला उलट्या झाल्या किंवा ते सुस्त पडलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा, आणि उरलेली मुळी सोबत न्या.