एम१०० काढून एम१३० टाकायची, तर फक्त स्प्रिंग बदलून भागेल का?

एअरसॉफ्टच्या इलेक्ट्रिक बंदुकीतला व्हर्जन २ जातीचा मूळ गिअरबॉक्स, त्यात एम१०० स्प्रिंगच्या जागी सरळ एम१३० टाकली तर काय होईल, असं विचारलंय तुम्ही. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही. म्हणूनच तर लोक फसतात.

एम पुढचा आकडा म्हणजे ०.२० ग्रॅमच्या बीबीचा (प्लास्टिकच्या गोळीचा) साधारण वेग, मीटर प्रतिसेकंदात. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १०० चे १३० झाले की १ ज्यूलचे जवळपास १.७ ज्यूल होतात. पिस्टनही त्याच हिशेबाने सिलिंडर हेडवर आदळतो. व्हर्जन २ ची बॉडी (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) तडकते ती पुढे, सिलिंडरच्या खिडकीच्या कोपऱ्यातून, कारण तो कोपरा काटकोनी असतो आणि सगळा ताण तिथेच एकवटतो. बारीक कानशीने तो गोल करून घ्या. काम फुकटातलं आहे, तरी बहुतेक जण टाळतात.

त्याआधी सील तपासा. पिस्टन सिलिंडरमध्ये घाला, हेड आणि नोझल बसवा, नोझलच्या तोंडावर बोट दाबा आणि पिस्टन ढकला. तो अडून राहिला पाहिजे. हळूहळू आत सरकत असेल तर हवा गळतेय. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलली तर आहे त्याच स्प्रिंगवर वेग वाढलेला दिसेल.

आता खरा मुद्दा. सेक्टर गिअरचा (पिस्टन मागे ओढणाऱ्या गिअरचा) पहिला दात पिस्टनच्या पहिल्या दाताला नीट सपाट भिडायला हवा. मूळ गिअरबॉक्समध्ये तो बहुधा तिरका, टोकाशी लागतो. नरम स्प्रिंगवर हे खपून जातं, एम१३० वर मात्र दात सोलले जातात. सिलिंडर हेडवर रबरी पॅड चिकटवला की पिस्टन थोडा मागे सरकतो आणि कोन सुधारतो. शिवाय धक्काही पॅड झेलतो. सोबत पिस्टनचा दुसरा दात घासून काढा, म्हणजे पहिल्याला पूर्ण पकड मिळते. पिस्टन धातूच्या दातांचाच घ्या.

बुशिंग (गिअरचे आस ज्यात फिरतात त्या कड्या) स्टीलची भरीव बरी. बेअरिंग फुटलं तर त्यातल्या गोळ्या गिअरमध्ये जातात, मग बसा निस्तरत. शिमिंग, म्हणजे पातळ चकत्या (शिम) घालून गिअरमधली फट जुळवणं, बेव्हलपासून (मोटरला लागणाऱ्या गिअरपासून) सुरू करा. मोटर हाय टॉर्क हवी. गिअर नेहमीचे १८:१ चालतील. करंट वाढला की ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळून काळे पडतात, म्हणून मॉसफेट (करंट ट्रिगरऐवजी स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकाच.

उघडण्याआधी बॅटरी आणि मॅगझिन काढा, अँटी-रिव्हर्सल लॅच (गिअर उलटे फिरू न देणारी खिटी) सोडून स्प्रिंग ढिली करा, आणि स्प्रिंग गाइड स्क्रूड्रायव्हरने दाबून धरूनच झाकण उचला. नाहीतर अर्धा दिवस शिम शोधण्यात जाईल.

माझं विचाराल तर एम१२० वर थांबा. १.४४ ज्यूल होतात, आणि मैदानावरच्या क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) बंदूक बाद होण्याची शक्यताही कमी. आधी सील करून एम१०० वरच क्रोनोचा आकडा घ्या आणि कळवा, मग पॅड किती जाडीचा लागेल ते बघू.