कपडा संपवायचा

बाळ,

तुझा परवाचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा मेथी निवडताना आणि मग नीट बसून. तू म्हणतेस मावशी मी दमले, दोन कपाटं भरलीत आणि सकाळी ऑफिसला घालायला काही सापडत नाही, जुनंच घातलं की फोटोत दिसतं आणि मैत्रिणी बोलतात, म्हणून सगळं एकदम बाहेर काढते, कुठल्यातरी संस्थेला देऊन टाकते आणि मोजके दहा चांगले कपडे घेते, हातमागाचे, ऑरगॅनिक कॉटनचे, वर्षानुवर्षं टिकतील असे. आणि शेवटी विचारतेस, बरोबर आहे ना?

नाही. बरोबर नाहीये.

तुला पर्यावरणाची पर्वा नाही असं मी म्हणणार नाही. एका कॉटनच्या टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी जातं हे मला तूच सांगितलंस. ढाक्याजवळची ती राणा प्लाझाची इमारत २०१३ मध्ये कोसळली आणि शिवणकाम करणारी अकराशेच्या वर माणसं गेली, तेव्हा तू शाळेत होतीस तरी तुला तारखेसकट पाठ आहे. ते आपल्या दोघींना माहितीये, ते राहू दे. मला खुपतंय ते हे की एवढं सगळं कळणारी मुलगीसुद्धा धडधाकट कपडे टाकून 'टिकाऊ' कपडे आणायला दुकानात निघते. अगं टिकाऊ कपडा दुकानात कुठून मिळणार? तो टिकला की नाही ते वीस वर्षांनी कळतं. तुझ्या कपाटातल्या त्या मोरपंखी कुर्त्याचं पाणी सांडून झालंय, रंग झालाय, मी पाठ मोडेपर्यंत बसून तो शिवलाय. आता तो संपवायचा. पानात वाढून घेतलं की टाकायचं नाही हे तुला तुझ्या आईने शिकवलंय ना, मग तेच इथे. कपडा संपवायचा.

आणि 'संस्थेला देते' याबद्दल जरा कडक बोलते, रागावू नकोस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेलं, आमचा तळमजला छतापर्यंत बुडाला होता. पाणी उतरल्यावर मी आठवडाभर एका शाळेत आलेले कपडे निवडायला बसायचे. लोकांनी सांगलीसाठी मनापासून पाठवलं, धान्य पाठवलं, चादरी पाठवल्या, ते उपकार मी विसरणार नाही. पण कपड्यांची गाठोडी सोडली की चेन तुटलेल्या पँट, काखेत उसवलेले ब्लाऊज, टिकल्यांचे पार्टीचे गाऊन. समोर बायका गुडघाभर चिखल उपसून आलेल्या, त्यांना हवे होते साधे परकर आणि कोरडे गाऊन, ते मिळेनात. शेवटी तो ढीग मागच्या पटांगणात पावसात कुजला. ज्याला द्यायचंय त्याला विचार, काय लागतं ते ऐक, धुऊन, बटण लावून, इस्त्री करून दे, त्याला देणं म्हणतात. कपाट मोकळं व्हावं म्हणून गाठोडं दाराबाहेर ठेवणं हे टाकणंच आहे, फक्त टाकणाऱ्याला बरं वाटतं. जगभरातले जुने कपडे पानिपतला येतात, तिथे ते फाडून, पिंजून परत सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात, चांगलंच आहे ते, पण ते कपड्याचं शेवटचं स्टेशन झालं. दोनदा घातलेला कुर्ता तिथे कशाला पाठवायचा?

आमच्या आजीच्या लुगड्याला दंड असायचा. तुला हा शब्द माहिती नसेल. लुगडं मधेच विरतं, बसून उठून, कासोटा घासून, दोन्ही टोकं मात्र धड राहतात. मग आजी मधला विरलेला भाग कापून काढायची आणि दोन धड तुकडे हाताने जोडायची, ती जोडशिवण म्हणजे दंड. ते लुगडं आणखी तीन वर्षं जायचं. मग त्याचं जुनेर व्हायचं, जुनेराची बाळंतिणीसाठी दुपटी आणि बाळोती, कारण नवजात बाळाला नवं कापड टोचतं, उरलेलं गोधडीच्या पोटात. गोधडी फाटली की पायपुसणं. आजी हे हौसेने करत नव्हती, गरज होती, मला ते गोड करून सांगायचं नाहीये. पण तिला कपडा शेवटापर्यंत वाचता येत होता आणि आपल्याला पहिलं पानसुद्धा वाचता येत नाही.

आता जे सांगते ते तुझ्या आईलाही फारसं माहिती नाही. माझी आई १९९१ ला गेली. तिने आठ पातळं धुऊन घडी घालून ट्रंकेत ठेवली होती, मला सांगून ठेवलं होतं, नातीला यांची गोधडी कर. मी हो म्हटलं. मग नोकरी, दोन पोरं, सासूबाईंचं आजारपण, गोधडी राहिली. दोन वर्षांनी एका दुपारी बोहारीण आली आणि मी ती आठही पातळं तिच्यासमोर ठेवली. तिने एकेक उजेडात धरून बघितलं, बोटं फिरवली, हे विरलंय ताई म्हणाली, आणि मी, माझ्या आईच्या नेसूच्या पातळांवरून तिच्याशी घासाघीस केली. एक स्टीलचं पातेलं मिळालं, झाकणासकट. त्यात मी आजही रोज दूध तापवते. तीस वर्षांच्या वर झाली, त्याला पोचासुद्धा नाही आला. त्या बाईचं काही चुकलं नाही, तिने ती पातळं बाजारात विकली असणार, कुणीतरी नेसली असणार, म्हणजे तिने ती संपवली. मी नाही संपवली. माझ्या मुलीच्या अंगावर आजीची गोधडी आली नाही ती माझ्यामुळे.

वाचली फक्त एक इरकल, कारण ती त्या दिवशी घरात नव्हती, रफूला टाकली होती. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमाचा असतो, आणि ते दोन्ही ताणे मागावरच फासात फास अडकवून जोडलेले असतात, नेमकं त्या जोडापाशी बोटभर फाटलं होतं. गणपती पेठेतल्या एका बोळात रफूवाले चाचा बसायचे. त्यांनी साडीच्या आतल्या टोकाचे धागे ओढून काढले, तेच सुईत ओवले आणि एक वर एक खाली असे विणत गेले, मी समोर स्टुलावर बसून बघत होते. पाऊण तास लागला. आज तू ती जागा शोधून दाखव, सापडणार नाही. हाताला मात्र लागते, थोडी जाड आहे. पुराच्या चिखलातून ती साडी निघाली, पाच पाण्यांतून काढली, किनारीजवळ एक तपकिरी डाग राहिला तो राहिला.

तीच साडी मी दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला नेसले. माझी मुलगी कार्यालयाच्या दारातच म्हणाली, आई डाग दिसतोय, तुला मुद्दाम मला खाली बघायला लावायचं असतं. नंतर दोन महिने धड बोलली नाही. जावा काय बोलल्या ते सोड. मी तुला सांगते, माझं चुकलं नाही. अख्ख्या कार्यालयात सत्तेचाळीस वर्षांची साडी माझ्याच अंगावर होती, लग्नात आईचा हात पाठीवर असावा असं मला वाटलं, त्यात कुणाचा अपमान होतो? नाही चुकलं.

तरी पण एक कबूल करते, कारण तू विचारलंयस म्हणून. मुलगी अकरावीत असताना मी तिला माझे ड्रेस उसवून, छोटे करून घालायला लावले. ती रडली तर मी गाडगेबाबांच्या चिंध्यांच्या गोधडीची गोष्ट सांगितली, सोळा वर्षांच्या पोरीला! बाबांनी ती गोधडी स्वतः निवडली होती, माझ्या मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. आता तिच्या घरी आठवड्याला दोन पार्सलं येतात आणि मी गप्प बसते. म्हणून तुला म्हणते, संपवायचा तो कपडा तुझा तू ठरव, माझ्या धाकाने नको. पण एकदा घेतलास की संपव. आणि घेताना स्वतःला हेच विचार, हा मी संपवणार आहे का? उत्तर येईना तर ठेव परत.

आता कामाचं. कपडे देऊन टाकण्याआधी एकेक उलटा कर. आतली शिवण बघ. शिंप्याने शिवलेल्या कपड्यात दोन्ही बाजूंना बोट दीड बोट जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो, अंग भरलं की उसवून तेवढं सैल करता येतं. रेडीमेडमध्ये ओव्हरलॉक मारताना ती कापूनच टाकतात, म्हणून ते एकदा घट्ट झाले की झाले. तुझा मोरपंखी कुर्ता मीच शिवलेला आहे, त्यात दोन इंच माया आहे, तू तो 'बसत नाही' च्या ढिगात टाकलास, कमाल आहे! जीन्स मांडीत विरलीये म्हणतेस, भोक पडायच्या आत आतून ठिगळ लावायचं, भोक पडल्यावर काम तिप्पट होतं. ती स्ट्रेचची आहे ना, मग कडक उन्हात आणि ड्रायरमध्ये घालू नकोस, त्यातला लवचिक धागा उष्णतेने मरतो. सुती विटलं तर रंगवून घे, पॉलिस्टरवर घरचा रंग चढत नाही, त्याच्या नादी लागू नकोस. आईच्या रेशमी साड्यांच्या घड्या वर्षातून दोनदा मोडून वेगळ्या घाल, नाहीतर जर घडीवर तुटते. खळ घातलेलं काही कपाटात वर्षभर ठेवू नकोस, कसर लागते.

आणि मैत्रिणी फोटोत तोच कुर्ता बघून बोलतात त्यांना बोलू दे. माझ्याबद्दल चाळीस वर्षं बोलतायत.

दिवाळीला येशील तेव्हा कुर्ता, जीन्स आणि 'बसत नाही' चा सगळा ढीग पिशवीत भरून आण, काही देऊन टाकू नकोस तोवर. मशीनला तेल घातलंय, पट्टा बदललाय, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सुई पण ओवता येते. दंड कसा घालायचा ते दाखवते, जुनी चादर काढून ठेवलीये त्यासाठी.

तुझी
मावशी