सातबारा कुणाच्या नावावर?

मागच्या अंकात ओघात मी एक वाक्य लिहून गेले: "पॅलेस्टाइनमधलं भांडण धर्माचं व्हायच्या आधी जमिनीचं होतं." त्यावर एवढी पत्रं आली की संपादकांनी या वेळची सगळी पानं त्यालाच दिली. मी नागपाड्यात वाढले आणि भायखळ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. वर्गात हात वर करणाऱ्याला मी कधी खाली बसवलं नाही, तेव्हा आता तरी कशी बसवणार?

बाई, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जुंपते. एकाचं म्हणणं, अरबांनी पैसे मोजून घेतले, आपल्या हाताने जमिनी विकल्या आणि मग बोंब मारली. हे खरं का? (एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड)

विकल्या, हे खरं. पण कुणी विकल्या असं विचारलंत की गोष्ट थेट आपल्या कोकणात येते.

१८५८ साली ऑटोमन तुर्कांनी जमिनीचा नवा कायदा केला. प्रत्येक शेताची दप्तरात नोंद, नोंदीपुढे नाव. आपला सातबाराच म्हणा. पण तिथला शेतकरी, ज्याला फल्लाह म्हणतात, तो सरकारी वहीत नाव लागण्याचा अर्थ बरोबर ओळखून होता. आज सारा भरा, उद्या पोरगा पलटणीत पाठवा. त्यातून कितीतरी गावांची जमीन सामाईक; ठरावीक वर्षांनी वाटे बदलून कसायची. त्यामुळे अनेकांनी नोंदच केली नाही, अनेकांनी ती गावच्या शेखाच्या किंवा शहरातल्या धनिकाच्या नावावर होऊ दिली. कसणारा एक आणि कागदावर दुसरा. बैरुतच्या सुरसुक नावाच्या व्यापारी घराण्याने तर १८७०च्या दशकात, अरब ज्याला मर्ज इब्न आमिर म्हणतात त्या यिझ्रेलच्या खोऱ्यातली गावंच्या गावं तुर्की सरकारकडून विकत घेतली. खोत बैरुतला, कूळ खोऱ्यात. माझ्या आजोळी राजापूरकडे हेच होतं, फक्त बैरुतच्या जागी गिरगाव.

मालक बदलला तरी कूळ जागचं हलत नाही, अशी तिथली रीत होती. अडचण आली ती नवा मालक वेगळ्याच तऱ्हेचा आला तेव्हा. १९१० साली अल-फुला हे गाव ज्यू वसाहतीसाठी विकलं गेलं. नाझरेथचा तुर्की अंमलदार शुक्री अल-असली याने कुळांना उठवायला नकार दिला, वर्तमानपत्रात लेख लिहिले. पण वरचे त्याच्या बाजूने नव्हते, आणि गाव गेलं. पुढे तुर्कांच्या जागी आलेल्या इंग्रजांच्या अमदानीत, १९२१ ते १९२५च्या दरम्यान, सुरसुकांनी खोऱ्यातला मोठा भाग विकून टाकला. तिथे जमीन दुनममध्ये मोजतात. एक दुनम म्हणजे जवळजवळ दहा गुंठे. असे लाखांनी दुनम गेले. घेणाऱ्या संस्थांत प्रमुख होता ज्यू राष्ट्रीय निधी, स्थापना १९०१. त्याचा नियम असा की घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही आणि पट्ट्याने द्यायची ती ज्यूंनाच, राबायचंही त्यांनीच. खोताला निदान कुळाचं पीक हवं असतं. इथे जागा मोकळी हवी होती. कुळांना काही रक्कम मिळालीही, पण तुमच्यापैकी जे पागडीच्या चाळीत राहिले आहेत त्यांना विचारा, मालकाने चाळ विकली की "रक्कम मिळाली" या दोन शब्दांत काय काय बसतं.

आणि फक्त बैरुतचे विकणारे नव्हते हो. जेरुसलेमच्या बड्या पॅलेस्टिनी घराण्यांतलेही काही जण दिवसा सभेत ज्यूंविरुद्ध बोलत आणि मागच्या दाराने खरेदीखत करून देत. तुमच्या ग्रुपवरच्या गृहस्थांना एवढा मुद्दा मी खुशाल देते.

उठलेली कुळं कुठे गेली? बरीचशी हैफा बंदराकडे, पत्र्याच्या झोपड्यांत. आपली मालवण-रत्नागिरीची माणसं गिरणगावात आली तशीच, पण गिरणीशिवाय. त्या वस्त्यांत सीरियाहून आलेला इझ अद्-दीन अल-कस्साम नावाचा मौलवी प्रवचनं करी. नोव्हेंबर १९३५मध्ये इंग्रज पोलिसांच्या गोळीबारात तो मेला, आणि १९३६ ते १९३९ असा अरबांचा उठाव झाला. हमासच्या सशस्त्र दलाला आज त्याचंच नाव आहे. गंमत बघा, त्याच वर्षांत अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी जमिनी न कसण्याचा संप चालवला होता, आणि १९३७मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडायचं विधेयक आणलं. आपल्याकडे खोताला मतपेटीतून आणि कायद्यातून गाठता आलं. तिथल्या कुळाच्या हातात मतही नव्हतं.

घेणाऱ्याकडेही बघायला हवं, नाहीतर गोष्ट लंगडी होते. हे कुणी चैनीखातर शेतं घेणारे शेठ नव्हते. रशियात १८८१पासून ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. १९२४मध्ये अमेरिकेने दार जवळजवळ लावून घेतलं, १९३३ला हिटलर आला. १९३५ या एका वर्षात साठ हजारांवर ज्यू पॅलेस्टाइनमध्ये उतरले. १९३९मध्ये इंग्रजांनी पुढच्या पाच वर्षांसाठी फक्त ७५ हजारांची मर्यादा घातली; ती पाच वर्षं कुठली होती हे सांगायला नको. आणि ज्या ज्यूंनी कुणाची वीतभर जमीन घेतली नव्हती, ज्यांतले कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या हेब्रॉनमध्ये अरबांच्या शेजारी राहत होते, अशा ६७ जणांना १९२९च्या दंगलीत ठार मारलं. तो हिशेब कुठल्याच खरेदीखतात बसत नाही.

आता तुमच्या वादाचा निकाल लावणारा आकडा. १९४७पर्यंत एवढी सगळी खरेदी करूनही पॅलेस्टाइनची जेमतेम सात टक्के जमीन ज्यूंच्या मालकीची होती. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनची ज्यू आणि अरब अशा दोन राज्यांत फाळणी ठरवली, तिने ज्यू राज्याला सुमारे ५५ टक्के दिली. १९४८ला पेटलेली अरब-इस्रायल लढाई १९४९मध्ये थांबली तेव्हा इस्रायलच्या ताब्यात ७८ टक्के होती. म्हणजे विकली ती सात. बाकीची कशी गेली, ते पुढच्या उत्तरात.

माझे आजोबा शिकारपूरहून कल्याण कॅम्पात आले. हातात काही नव्हतं. आम्ही उल्हासनगर उभं केलं, रडत बसलो नाही. पॅलेस्टिनी लोक पंचाहत्तर वर्षं छावणीत का? (एक दुकानदार, उल्हासनगर ३)

तुमच्या आजोबांना माझा नमस्कार. तुमच्या प्रश्नात राग आहे आणि तो मला समजतो. पण आजोबा बराकीत उतरले तेव्हा ते एका देशाचे नागरिक झाले. मत होतं, दुकानाचा परवाना काढता येत होता, पोराला कॉलेजात घालता येत होतं. सिंधमध्ये राहिलेल्या घराबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावायची सोय होती, मग ती कितीही तुटपुंजी असो.

१९४८मध्ये सात लाखांच्या वर पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. काही घाबरून पळाले, काहींना बंदूक दाखवून हाकललं. एप्रिलमध्ये दैर यासीन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर माणसं मारली, तेव्हा भीती पसरायला वेळ लागला नाही. चारच दिवसांनी अरबांनी हदास्सा इस्पितळाकडे जाणारा वाहनांचा ताफा जाळला, ७८ माणसं गेली, त्यात डॉक्टर आणि नर्सा. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव केला की शांततेने राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना परत येऊ द्यावं. आलं कोण? इस्रायलने १९५०मध्ये 'गैरहजर मालकांच्या मालमत्तेचा' कायदा केला आणि गेलेल्यांची घरं-शेतं सरकारी ताब्यात घेतली. काही जण पळून फक्त शेजारच्या गावात गेले होते, इस्रायलच्या हद्दीतच होते, नागरिकही झाले. त्यांना सरकारी भाषेत 'हजर गैरहजर' म्हणत! (त्याच वर्षी आपल्या संसदेने पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेचा कायदा केला. तो काळच कस्टोडियनचा, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवर बसवलेल्या सरकारी राखणदाराचा.)

गेलेल्यांना घेतलं कुणी? जॉर्डनने नागरिकत्व दिलं. लेबनॉनने कितीतरी धंद्यांची दारं बंद ठेवली. गाझा इजिप्तच्या लष्कराच्या हाती होता, तिथे कसलंच नागरिकत्व नाही. अरब पुढाऱ्यांनाही निर्वासित भाषणापुरते हवे होते, हे मी लपवत नाही. गाझाची पट्टी साधारण एक्केचाळीस किलोमीटर लांब, म्हणजे चर्चगेटहून भाईंदरच्या थोडं अलीकडे, आणि रुंदीला सहा ते बारा. त्यात तेव्हा दोन लाख माणसं बाहेरून येऊन पडली. आज तिथे वीस लाखांवर लोक, त्यांतले बहुसंख्य त्या निर्वासितांचीच मुलंनातवंडं. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासने तिथून बाहेर पडून सुमारे बाराशे माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. नंतरच्या इस्रायली हल्ल्यांत गाझात हजारो हजार माणसं गेली आणि शहरंच्या शहरं सपाट झाली.

तुमच्या आजोबांशी खरी बरोबरी कुणाची होते ते सांगू? बगदादच्या ज्यूंची. १९५०-५१मध्ये सव्वा लाखाच्या आसपास इराकी ज्यू विमानांनी इस्रायलला गेले. इराकने नागरिकत्व काढून घेतलं आणि मार्च १९५१मध्ये त्यांची मालमत्ता गोठवली. तेही तंबूत, पत्र्यात राहिले. पण कागद हातात होता. आजोबांसारखाच.

हा झगडा हजारो वर्षांचा, धर्माचा आहे ना? मग उगाच इतिहास कशाला उगाळायचा? (अंधेरी)

नाही. हा झगडा सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. ज्यूंची त्या भूमीशी नाळ हजारो वर्षांची, हे वेगळं. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांनीही, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंनी, तेलाचा घाणा ओढत जेरुसलेमची आठवण ठेवली, म्हणून त्यांचं अलिबागच्या कुणाशी युद्ध जुंपलं नाही.

१९६७नंतर वेस्ट बँकमध्ये इस्रायली वसाहती झाल्या, त्या कुठल्या कायद्याने? (कायद्याची विद्यार्थिनी, चर्चगेट)

मुली, हा प्रश्न वाचून मला हसू आलं, कारण उत्तरात जुने तुर्कच परत येतात. १९६७च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग), पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतले. सुरुवातीला लष्करी गरजेच्या नावाखाली खासगी जमिनीही ताब्यात घेत. १९७९मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या खटल्यात इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अडवली. मग सरकारी वकिलांनी १८५८चा ऑटोमन कायदा झटकून बाहेर काढला. त्यातलं कलम, सलग तीन वर्षं पडीक राहिलेली जमीन सरकारजमा. ज्यांच्या पणजोबांनी पलटणीच्या भीतीने नाव लावलं नव्हतं, त्यांच्याकडे दाखवायला कागद कुठून येणार? जगातले बहुतेक देश या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध मानतात. इस्रायलला ते मान्य नाही. परीक्षेत दोन्ही लिही.

१९४७मध्ये भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या विरोधात मत का दिलं? (डोंबिवली)

२९ नोव्हेंबर १९४७, संयुक्त राष्ट्रांत मतदान. फाळणीच्या बाजूने ३३, विरुद्ध १३, तटस्थ १०. विरुद्धच्या तेरात आपण आणि पाकिस्तानही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपण इराण आणि युगोस्लाव्हियासह एकाच संघराज्याची योजना पुढे केली होती. घरात फाळणीचं रक्त वाळलं नव्हतं, तेव्हा दुसऱ्याच्या घरी तीच सुरी कशी सुचवणार? इस्रायलला आपण १९५०मध्ये मान्यता दिली, वकिलात मात्र १९९२मध्ये. मधल्या काळात इस्रायलचं या देशातलं कार्यालय एकच होतं, आपल्या मुंबईत.

बाई, एवढं सगळं सांगता, पण तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या? (सही नाही)

आमच्या मजल्यावर एक बेने इस्रायली मावशी राहायच्या. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. त्यांच्या घरचा मलिदा, पोह्यांत खोबरं आणि गूळ, मी मुठीने खाल्ला आहे. १९६४मध्ये ते इस्रायलला गेले. मी तेव्हा पंधरा वर्षांची. घर मिळालं लोद गावात, जुन्या वस्तीत.

लोद म्हणजे अरबांचं लिद्दा. फाळणीच्या नकाशात ते अरब राज्यात होतं. जुलै १९४८मध्ये इस्रायली सैन्याने ते घेतलं आणि लिद्दा व शेजारचं रामला मिळून पन्नास हजारांवर माणसांना उन्हात पायी हाकललं. लिद्दा रिकामं करायच्या हुकमावर सही यित्झाक राबीन या अधिकाऱ्याची, ज्यांनी पुढे पंतप्रधान म्हणून १९९३मध्ये पॅलेस्टिनी नेते अराफतशी हात मिळवला आणि १९९५मध्ये त्यापायी एका ज्यू माणसाच्या गोळीने मेले. हे सगळं मला खूप नंतर, शिकवताना कळलं. मावशींना तेव्हा ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

त्यांचं पहिलं पत्र मराठीत आलं. तांदळाचं पीठ मिळत नाही, बोंबील नाहीत, नवऱ्याला काम मिळालं. आणि खाली, "दाराच्या वरच्या दगडात काहीतरी उर्दूसारखं कोरलं आहे. आपल्या कातिबचाचांना दाखव." चित्र काढावं तशी त्यांनी ती अक्षरं उतरवून पाठवली होती. कातिबचाचा तळमजल्यावर राहायचे, उर्दू छापखान्यासाठी अक्षरं लिहायचे. त्यांनी चष्मा लावून कागद उजेडात धरला. "हाज़ा मिन फ़ज़्लि रब्बी," ते म्हणाले, ही माझ्या परमेश्वराची कृपा. खाली हिजरी १३४५, म्हणजे १९२६-२७. मग मला हाताला धरून नाक्यावर घेऊन गेले. तिथल्या जुन्या इमारतीच्या दारावर तीच ओळ होती. मी रोज तिच्याखालून शाळेत जात होते.

परत येताना म्हणाले, "तुझ्या मावशीने ज़्वाद अक्षरावरचा नुक्ता, ते टिंब, गाळलाय. कोरणारा असा चुकणार नाही. तिला म्हणावं, पुन्हा बघ."

मी तसं कळवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. "शिडी लावून बघितलं. नुक्ता आहे. त्याच्यावर चुना बसला होता."